उघड्या दारांचा नकाशा

जाईबाई : आधी वही दाखव. मग मावशी म्हण.

मेघना : दाखवते ना. लपवण्यासारखं काही नाही त्यात.

जाईबाई : चार दिवस बघतेय. दुपारी येतेस, गॅलरीत या टोकापासून त्या टोकापर्यंत जातेस, दारं बघतेस आणि लिहितेस. चोरसुद्धा दोनदाच फिरतो गो.

(मेघना वही पुढे करते. जाईबाई चष्मा लावून पान डोळ्यांजवळ नेते.)

जाईबाई : हे गोल कसले?

मेघना : उघडी दारं. काळे केलेत ती बंद.

जाईबाई : आणि तेवीस नंबर काळा. माझ्या भावाची खोली. धोंडू भात कापायला गावाला गेलाय. बिल्डरला एवढंच हवं असतं. खोली बंद, माणूस राहत नाही, काढा नव्या इमारतीच्या यादीतून नाव. त्यानेच पाठवलं ना तुला?

मेघना : मी अकरा नंबरच्या चिंतामणींची मुलगी आहे, मावशी.

जाईबाई : ता माका ठाऊक आसा. म्हणून तर जिन्यावरून परत नाही धाडली. पण चिंतू खोली विकून शीवला टॉवरमध्ये गेला, त्याला वीस वर्षं झाली. आता लालबागच्या चाळीत तुझं काय काम?

मेघना : बाबा जूनमध्ये गेले.

जाईबाई : कळलं होतं. तेराव्याला यायचं होतं, गुडघे नाही म्हणाले.

मेघना : सकाळी दहाला पडले. मी ऑफिसातून साडेसातला आले. शेजारीण दिवसभर घरात होती, भिंतीपलीकडे. चांगली आहे ती. पण तिथं दार ओढलं की आपोआप लागतं. सगळ्यांचंच.

जाईबाई : इथे असता तर मिनिटात चार माणसं धावली असती.

मेघना : तेच मोजतेय. दुपारी तीनला या मजल्यावर वीसपैकी चौदा दारं उघडी असतात.

जाईबाई : मोजून चिंतू येणार नाही.

मेघना : नाही. पण तुमच्या नव्या इमारतीचा नकाशा पाहिला मी. मजल्यावर बारा दारं, मधे अंधारा बोळ. स्वयंपाकघराची एक खिडकी बोळाकडे काढली, टोकाला उजेड घेतला, बसायला कट्टा केला, तर... हे बघा, काढलंय मी. विम्याच्या ऑफिसात सतरा वर्षं झाली. एकही कागद कधी घरी न्यावासा वाटला नाही. हा उशाशी असतो.

जाईबाई : कोणी शिकवलं?

मेघना : कोणी नाही. आवडतं मला हे. चाळिशीत कळलं. रविवारी तुमच्या सभेत मांडायचंय.

जाईबाई : बिल्डरचा तो सर्व्हेवालाही असाच गोड बोलायचा. आमचाच चहा प्यायला, आणि मागच्या चाळीतली तीन नावं उडाली.

मेघना : मग तेवीसचा नंबर खोडते.

जाईबाई : एकटा तेवीस खोडलास तर तोच डोळ्यांत येईल. सगळे खोड.

मेघना : घ्या. नुसती दारं राहिली. कुणाचं कुठलं, आता मलाही सांगता येणार नाही.

जाईबाई : वही माझ्याकडे राहील. लिहायचं ते इथे बसून, माझ्यासमोर.

मेघना : अजून विश्वास नाही ना?

जाईबाई : नाही. उद्या तीनला ये.