यावेळी फक्त माझंच रक्त

— घ्या हो रक्त, नाही कुठं म्हणतोय मी? घ्या. पण पूर्वीमॅडम, आधी एवढं सांगा, फक्त माझंच का? गणपतीत आलात तेव्हा नीलेशचं घेतलंत, माझं घेतलंत, म्हणालात आता सहा महिन्यांनी येईन. आणि दिवाळी संपते न संपते तोच परत हजर — आजारी माणूस आत पलंगावर पडलाय, त्याचं नको म्हणता! माझं पाहिजे. धडधाकट भावाचं. काय, नमुना खराब झाला? असेल, होत असेल लॅबमध्ये. पण मग खाली का बघता? मागच्या वेळी चहा घेतलात, आमच्या गुहागरची चौकशी केलीत. आज पाणीपण नको?

बरं, राहू दे ते. नीलेशला बघितलंत ना आत? हा माणूस रिक्षा चालवायचा मॅडम, स्टेशन ते नया नगर, दिवसभर. पहिल्यांदा काय झालं — क्लच दबेना. म्हणाला, दादा, केबल बदलली तरी जड जातोय. केबल कसली जड, बोटं गेली होती त्याची! मग जीभ जड झाली. पॅसेंजर म्हणायचे, "पी के चलाता है क्या?" — ज्यानं आयुष्यात बिअर तोंडाला लावली नाही, त्याला! एका डॉक्टरनं मानेचा मणका सांगितला, ऑपरेशन केलं, अख्खं वर्ष त्यात गेलं. ऑपरेशन करूनही हात वाळतच चाललेला. मग कुठं दुसऱ्यानं सांगितलं, मोटर न्यूरॉन, हातापायाच्या नसा मरायचा आजार. तेव्हा तुमच्यासारखं कुणी भेटलं असतं तर — तुम्हीच समजावलंत ना मला? नस मरायला लागली की तिच्यातलं प्रोटीन रक्तात उतरतं, हातापायाला कळायच्या आधीच. तेच शोधतोय म्हणालात, घरच्या धडधाकट माणसांच्या रक्तातपण, म्हणजे पुढच्या लोकांचं वर्ष वाया जाणार नाही. बरं करणारं औषध अजून नाही, तेपण सांगितलंत. खोटं नाही बोललात कधी. म्हणून तर विचारतोय.

आमचे वडील, आप्पा, तेही असेच गेले, गावाला. शेवटी घास गिळता येईना. लकवा म्हणाले सगळे, देवस्की केली, कोंबडा दिला — आता कळतंय काय होतं ते. आधी आप्पा, मग नीलेश. आणि मी थोरला. मला काही नाही हां! टकाटक आहे मी. सकाळी आठला कारखान्यात, स्टीलचे टोप पॉलिश करतो, मशीनवर धरून धरून मनगट बघा कसं झालंय. रोज आरशात जीभ बाहेर काढून बघतो. नीलेशची थरथरायची ना, सुरुवातीला, तशी माझी नाही थरथरत. म्हणजे — थोडी थरथरते. पण जीभ बाहेर काढली की कुणाचीही थरथरते ना? थरथरतेच ना? शर्टाची बटणं डाव्या हातानं लावून बघतो, उगाच, आपली सवय म्हणून. परवा एक टोप सुटला हातातून. हाताला तेल होतं म्हणालो शेठला. तेल नव्हतं मॅडम. माझ्या मशीनवर तेल नसतंच.

हे कुणाला बोललो नव्हतो मी.

जागृतीला, माझ्या पोरीला तर काहीच माहीत नाही. बाळंतपणाला आलीय, सातवा लागलाय. तिला वाटतं बाबा काकासाठी रक्त देतात, चांगलं काम करतात. आप्पांचं तिला सांगितलंच नाही आम्ही. कसं सांगू? सांगितलं की ती पहिलं माझ्याकडे बघेल, मग स्वतःच्या पोटाकडे. म्हणून म्हणतोय, मला कळू दे काय निघालं ते. नियम आहे, ठाऊक आहे, सही केलीय मी — रिझल्ट कुणाला सांगायचा नाही. ठीक! बोलू नका. नुसती मान हलवा. आत नीलेश पापण्यांनी बोलतो, ते मला कळतं, तुमची मान नाही कळणार? हात जोडतो. पाया पडू? अहो उठता कुठं, बसा, बसा! मरायचं भ्या नाही मला — आहे, भ्या आहे, पण ते सोडा. नीलेशला कोण बघणार? त्याच्या घशातला कफ मी काढतो, कूस मी बदलतो, नळीतून पेज मी घालतो. माझेच हात गेले तर त्याला कोण उचलणार, आणि मला कोण — बोला ना! काय? काय म्हणताय?

थांबा. नका. तोंड उघडू नका. नका सांगू. मी विचारलंच नाही असं समजा. नमुना खराब झाला — बस, तेवढंच खरं. तेवढंच राहू दे माझ्याकडे. माझी पोर बाळंत होऊ दे आधी, बारसं होऊ दे. हा घ्या हात. बांधा रबर. अजून घट्ट. रडताय कशाला, सुई नीट घाला.

झालं? कापूस धरतो मी, सोडा. ती ट्यूब ठेवा आत, वर दिसायला नको. जागृती खाली भाजी घ्यायला गेलीय, जिन्यात भेटेल तुम्हाला. कुणाचं रक्त नेताय विचारलं, तर काकाचंही आहे सांगा. डोळे पुसा आधी. हां, आणि हसून सांगा. — असं नाही. जरा बरं हसा.

हं. जा आता.

जा म्हटलं ना.