गाढवाच्या तोंडचे शब्द

— नाही हो जमादारसाहेब, सिनेमाचं रीळ घरात असतं तर मीच आणून तुमच्या हातात ठेवलं असतं! घ्या ना तलाशी, उघडा ती संदूक — लुगडी आहेत, मुलीची झबली आहेत. सिनेमा जळाला. मुदखेडच्या तंबूत, मशीनच्या दिव्याच्या आचेनं भडकला, तुम्ही होतातच की बंदोबस्ताला. आता त्यातलं ते गाढव कुठं सापडायचं? एकच प्रत होती म्हणे, तंबूवाला कपाळ बडवून राहिलाय. — जरा हळू बोला हं, मुलगी तापानं फणफणलीय, आत्ता कुठं डोळा लागलाय. हो, मीच बोलतेय मोठ्यानं. घाबरले की मला थांबताच येत नाही. शाळेतल्या बाई म्हणायच्या, सौदामिनी, उत्तर येत नसलं की तू फार लांब सांगतेस.

तर आमच्या ह्यांनी हवालातीत बयान दिलंय, तेच खरं. हे मास्तर माणूस. सिनेमा मुका, म्हणून पडद्याशेजारी उभं राहून लोकांना सांगायचं — आता गाढव कचेरीत शिरलं, आता साहेबाच्या खुर्चीवर चढलं, कारकून ओळीनं सलाम ठोकून राहिलेत. मधेमधे पडद्यावर अक्षरं येतात, ती वाचायची. ह्यांनी वाचली. दुसरं काय केलं? गाढव लोकांचे अर्ज खातं आणि म्हणतं — ते सिनेमातच लिहिलेलं होतं, ह्यांच्या पदरचं काही नाही. पुढच्या खुर्चीत तहसीलदारसाहेब होते, त्यांना लागलं, त्याला हे काय करणार? आणि गाढवानं तरी असं काय वावगं —

काय? काय म्हणालं? ‘अर्ज उद्या आणा, आज वेळ नाही’? छे, छे! ‘वेळ नाही’ कसं म्हणेल? तोंडात कागद आहेत ना त्याच्या! ‘अर्ज उद्या आणा, आज पोट भरलंय.’ त्यातच तर सगळी गंमत. ‘वेळ नाही’ कुठलाही साहेब म्हणतो, त्याला गाढव कशाला लागतं? हेही आधी तेच धरून बसले होते — मीच म्हटलं, अहो, ह्यात हसायचं काय? चुलीपुढं बसवून घोटून घेतलं ह्यांच्याकडून, ‘आज’ म्हणून जरा थांबा, लोकांना वाट बघू द्या, मग —

पाणी देऊ तुम्हाला?

नाही, म्हणजे — सिनेमात होतंच लिहिलेलं. मी आपलं नुसतं...

लिहिता लिहिता थांबलात का? लिहा. शब्द बायकोचे, मास्तर नुसता बोलला, असं लिहा. मग ह्यांना सोडतील? आजच सोडतील? मुलगी अजून अंगावर पिते हो, तिला जवळ ठेवू देतील ना मला? मान हलवू नका, तोंडानं सांगा.

बरं. नका सांगू. बाहेर ओट्यावर थांबा. मी तिला नीट गुंडाळून घेते.