वीस हजाराच्या दोन टाक्या आणि साडूची पत्रिका

…नाय, तुम्हीच सांगा, पाच टाक्यांची ऑर्डर समोर ताटात वाढून ठेवलेली असताना "साहेब, पाच कशाला, दोनच घ्या" असं म्हणणारा धंदेवाला तुम्ही उभ्या जन्मात बघितलाय का? नाय ना? मग बघून घ्या, हा इथं उभा हाय. काकासाहेब पठाडे, घर करमाडला, शेड शेंद्र्याला, तीस वर्षं झाली पत्रा वाकवतोय आणि जोडतोय. पाण्याचे टँकर केले, डिझेलच्या टाक्या केल्या, साखर कारखान्याच्या मळीच्या टाक्या केल्या. पण तुम्हाला सांगतो, मनात एक हौस राहिली होती. केमिकल प्लांटची टाकी. जालना रोडवरून जाता-येता दिसंल अशी उभी, पांढरीशुभ्र, आणि तिच्या पोटावर स्टीलची पाटी, 'निर्माता : काकासाहेब पठाडे, करमाड'. बास. माणसाला काय लागतं हो दुसरं? कुणी पोराच्या नावानं बंगला बांधतं, कुणी गाडीच्या मागच्या काचेवर नाव टाकतं, मला आपली एक पाटी पायजे होती, तीबी हाताएवढी.

तर फोन आला. नवा प्लांट होऊ लागला होता, त्याचे मॅनेजर मिहिर चौसाळकर. राहायला क्रांती चौकाजवळ, आजोबा कचेरीत कारकून, वडील वकील, स्वतः इंजिनिअर, पोरगेलं माणूस पण लई सज्जन. "काकासाहेब, टाक्यांचं बोलायचंय, येता का?" येता का म्हंजी काय, मी हेल्मेट घालूनच फोन उचलला होता. डिक्कीत त्या दिवशी लग्नाच्या चाळीस पत्रिका होत्या. आमचे साडू सखाराम औताडे, म्हंजी आमच्या मंडळींच्या थोरल्या बहिणीचे मालक, मीबी त्यांना दाजीच म्हणतो, त्यांच्या ऋतुराजचं लग्न निघालेलं. आता साडूच्या घरचं लग्न म्हणल्यावर मिरवायचं त्यांनी आणि पत्रिका वाटायच्या आपुन, हे तर सगळ्या महाराष्ट्राला माहीत हाय. म्हणलं जाता जाता शेंद्र्यातल्या दहा-बारा उरकून टाकू.

गेलो. एसी, चहा, बिस्कीट. साहेब म्हणले, "काकासाहेब, पंचवीस हजार लिटरच्या पाच टाक्या, तुमचा दर काय?" तुम्हाला सांगतो, दुसरा कुणी असता तर तिथंच दर सांगून, हात मिळवून, खाली येऊन नाचला असता. पण माझी जित्याची खोड. मी विचारलं, साहेब, आत काय राहणार? म्हणले, सल्फ्युरिक ॲसिड. रोज किती लागंल? सहा टन. साठा किती दिवसांचा? पंधरा दिवसांचा. आणि मग साहेबांनी मला लॅपटॉपवरचा तक्ता दाखवला, पुण्याच्या हेड ऑफिसातून आलेला, रंगीबेरंगी. सहा टन गुणिले पंधरा दिवस, नव्वद टन, म्हंजी नव्वद हजार लिटर, वर थोडी मोकळी जागा, म्हंजी पंचवीस हजाराच्या चार, आणि एक राखीव, झाल्या पाच.

मी चहा खाली ठेवला.

म्हणलं साहेब, नव्वद टनाला नव्वद हजार लिटर हा पाण्याचा हिशोब झाला. ॲसिड म्हंजी काय नळाचं पाणी हाय का? पाण्याची बादली दहा किलो भरत असंल ना, तर तीच बादली ॲसिडची साडेअठरा किलोच्या आसपास भरती. तुमचं नव्वद टन ॲसिड एकोणपन्नास हजार लिटरमधी मांडी घालून बसतं. साहेबांनी तक्त्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, परत तक्त्याकडं बघितलं. मी म्हणलं, आणि पंधरा दिवस कामून? टँकर सांगितल्यापासून किती दिवसात येतो? म्हणले, दोन दिवसात. मग पंधरा दिवसांचं भरून ठेवायला हे काय लग्नघर हाय? सात दिवसांचं ठेवा. बेचाळीस टन, म्हंजी तेवीस हजार लिटर. आता त्यात टँकर आला, तर तो पुरता उतरायला पायजे का नको? अर्धा उतरवून अर्धा माघारी जा म्हणता येतं का ड्रायव्हरला? त्या टँकरचे तेरा हजार धरा. छत्तीस झाले. वर हवेला जागा सोडा, चाळीस. वीस हजाराच्या दोन. एक धुवायला, तपासायला काढली तर दुसरी चालू. विषय संपला. अहो, टाकी म्हंजी काय घमेलं हाय व्हय, मोठं दिसलं म्हणून उचललं?

आता खरी गंमत जाडीत असती. हे ॲसिड लई खादाड. रोज थोडं थोडं पत्रा खातं. म्हणून नुसता वजनापुरता पत्रा घेऊन चालत नाय, त्याच्या खाण्यापुरती तीन मिलीमीटर जाडी वेगळी वाढावी लागती, म्हंजी ते खात बसतं आणि टाकी उभी राहती. वर आत ओल शिरू द्यायची नाय. नुसतं दमट वारं गेलं तरी ते चेकाळतं आणि दुप्पट खातं. म्हणून टाकीत हवा जाण्या-येण्याच्या श्वासाच्या नळीला वारं कोरडं करणारी डबी बसवायची. हे मला कुणी कॉलेजात शिकवलं नाय बरं का. मी शिकलो कुणाकडून? फुटलेल्या टाक्यांकडून. दुसऱ्यांनी केलेल्या, फुटलेल्या. जिथं कुठं टाकी फुटली असं कळायचं तिथं मी माणूस गेल्यासारखा भेटायला जायचो आणि पत्र्याच्या जोडाच्या शिवणीवरून हात फिरवून यायचो.

आणि दर? टाकीचा दर लिटरवर नसतो, किलोवर असतो. मोठ्या पाच टाक्यांना तीस टन लोखंड, एकशे चाळीसनं बेचाळीस लाख. छोट्या दोनला दहा टन, चौदा लाख. मी माझ्या तोंडानं, माझ्याच अठ्ठावीस लाखावर पाणी सोडलं आणि वर म्हणलं, साहेब, अजून एक बिस्कीट घेऊ का?

साहेब उभे राहिले हो. त्यांनी माझा हात हातात घेतला आणि म्हणले, "काकासाहेब, असा हिशोब मला आजपर्यंत कुणी समजावून सांगितला नव्हता. हे सगळं लिहून द्याल?" आता तुम्हाला सांगतो, त्या क्षणाला माझी छाती एवढी फुगली होती की मला लिहायला काय हाय काय नाय याचं भान नव्हतं. लेटरहेड शेडवर. खिशात पत्र्यावर खुणा करायचा खडू. मग बखोटीला काय, तर साहेबांना द्यायला डिक्कीतून वर आणलेली पत्रिका. चांगला जाड कागद, उघडली की डावीकडचं पान कोरं. साहेबांचा पेन घेतला आणि त्या कोऱ्या पानावर झाडून सगळं लिहिलं. व्यास, उंची, जाडी, खाण्याची जाडी, नळ्या, किलो, दर, रक्कम. मोत्यासारखं अक्षर. सही? सही कशाला? नाव? नाव कशाला? समोर बसलोय की मी अख्खा, पाच फूट सात इंच.

घरी येऊन मंडळींना सांगितलं. सुरेखा भाकरी थापत होती. तिनं बेचाळीसातून चौदा वजा केले, भाकरी उलटली आणि शांतपणे म्हणली, "तुम्ही धंदा करता का धर्मादाय?" मी म्हणलं, अगं, इज्जत कमावून आलोय. ती म्हणली, मग सोमवारी बाजारात तीच घेऊन जा. पण आतून तिलाबी बरं वाटलं असावं, कारण त्या दिवशी वरणावर तूप जास्त होतं.

मग वाट बघणं सुरू झालं. आठवडा गेला. ऋतुराजचं लग्न झालं, त्यात मी पंगती वाढल्या. दुसरा आठवडा गेला. मी शेडमधी पाटीसुद्धा कापून ठेवली. म्हणलं अक्षर कोरायला वेळ लागतो, आधी पाटी तर तयार असू दे.

आणि एका दिवशी सकाळी आमचे साडू पेढे घेऊन दारात. आता साडूचं दुकान औरंगपुऱ्यात. काय विकतात? प्लास्टिकच्या टाक्या. त्या गच्चीवर ठेवतो ना आपुन, काळ्या, हजार लिटरच्या, त्या. आले आणि सोफ्यावर बसून म्हणले, "काकासाहेब, नशीब कधी उघडंल सांगता येत नाय. पुण्याहून नीरजा मॅडम म्हणून बाईंचा फोन आला. म्हणल्या, सखाराम औताडेच ना, तुमचं कोटेशन मंजूर झालंय, वीस हजाराच्या दोन टाक्या. मी म्हणलं मॅडम, काळ्या देऊ का पांढऱ्या? मॅडम म्हणल्या, रंगाचं नंतर कळवते, तुम्ही जीएसटी नंबर आणि बँकेचा तपशील पाठवा. पाठवला. ऑर्डर आली बघा. चौदा लाख!"

माझ्या हातातला पेढा हातातच राहिला.

म्हणलं दाजी, कोटेशन तुम्ही कधी दिलं? म्हणले, "आठवत नाय, पण दिलं असंल. रोज किती जणांना भाव सांगतो." म्हणलं, वीस हजाराची टाकी तुमच्याकडं हाय का? म्हणले, "एवढी कुठं मिळती? हजार-हजाराच्या चाळीस देणार, पाइपानं जोडून. त्यांना कळतंय काय?"

मी ऑर्डर हातात घेतली. अहो, ओळन् ओळ माझी! व्यास माझा, उंची माझी, 'खाण्यासाठी तीन मिलीमीटर वेगळे' हे माझे शब्द जसेच्या तसे टाइप केलेले. आणि वर ठळक अक्षरात, 'मेसर्स सखाराम औताडे, औरंगपुरा'. झालं काय होतं? मिहिर साहेबांनी पत्रिकेचे फोटो काढून पुण्याला पाठवले, आणि साईटच्या कामासाठी आठवडाभर गेले गुजरातला. पुण्यातल्या मॅडमनी कोटेशनवर नाव शोधलं, सापडंना. पुढचा फोटो उघडला. तर वर गणपती, खाली 'आमचे येथे श्रीकृपेकरून', त्याखाली 'आपला नम्र, सखाराम औताडे', दुकानाचा पत्ता, मोबाईल नंबर, आणि हल्ली दुकानाचीबी जाहिरात करतात ना पत्रिकेवर, 'सर्व प्रकारच्या टाक्या मिळतील'. आता त्या बाईची चूक काय सांगा तुम्ही? तिला वाटलं मराठवाड्यात लेटरहेड असंच असतं.

मी दाजींना म्हणलं, पेढे बांधा आणि गाडीवर बसा. टाकी म्हंजी काय घमेलं हाय व्हय? चाळीस प्लास्टिकच्या टाक्या पाइपानं जोडून त्यात ते ॲसिड सोडायचं म्हंजी अर्धा शेंद्रा उठवायचा विचार हाय का? रस्ताभर त्यांना समजावलं. दाजींचा रंग करमाड फाट्यापर्यंत उतरला होता.

मिहिर साहेबांनी डोक्याला हात लावला. पुण्याला फोन लावला, स्पीकरवर. नीरजा मॅडम म्हणल्या, नाव बदलता येणार नाही, ऑर्डर रद्द करून परत निविदा काढावी लागेल, तीन महिने जातील, आणि मग पाच ठिकाणचे दर मागवावे लागतील. प्लांट दोन महिन्यात सुरू करायचा होता. सगळे माझ्याकडं बघायला लागले. दाजी हळूच म्हणले, "काकासाहेब, मी नुसता नावाला. काम तुमचं, पैसा पै-पै तुमचा."

आता तुम्हीच सांगा, मला पैसा पायजे होता का? मला नाव पायजे होतं! आणि हा माणूस मला म्हणतो, नाव सोडून सगळं घ्या. पण परत निविदा काढली तर टाकीच हातची जाणार, कुठलातरी गुजरातवाला येणार, पातळ पत्रा लावून जाणार, आणि माझा हिशोब, माझी ती उभी पांढरी टाकी... मी म्हणलं, करतो.

आणि केली. सहा आठवडे, स्वतः उभा राहून. एकेक शिवण मी डोळ्यासमोर जोडून घेतली, दोन ठिकाणी मनाला पटलं नाय म्हणून कापून परत जोडली. मुंबईहून तपासणी अधिकारी आले, त्यांनी शिवणींचे एक्स-रे काढले. फिल्म उजेडाला धरली आणि विचारलं, "हे वेल्डिंग कुणी केलं?" मी पुढं होणार, तेवढ्यात त्यांनी कागद बघितला आणि म्हणले, "सखारामजी, उत्तम." दाजींनी मान लववली. काय करणार बिचारे, चेहऱ्यावर घाम आलेला. चाचणीला टाक्या पाण्यानं काठोकाठ भरल्या, वर दाब दिला, दिवसभर ठेवल्या. खाली जमिनीवर कोरडे पेपर पसरले होते. संध्याकाळी उचलले तर त्यावर सांडून वाळलेला चहाचा डागसुद्धा भिजला नव्हता. माझ्या डोळ्यात पाणी आलं हो, टाकीच्या बाहेर तेवढंच.

सोहळा झाला. शाल कुणाला? दाजींना. नारळ कुणाला? दाजींना. पाटी? नियम हाय म्हणले, ज्याच्या नावानं ऑर्डर त्याच्याच नावाची पाटी. मी कापून ठेवलेल्या पाटीवर, माझ्याच हातानं, माझ्याच मोत्यासारख्या अक्षरात कोरलं, 'निर्माता : सखाराम औताडे, औरंगपुरा'. बसवलीबी मीच. सुरेखा शेजारी उभी होती, माझ्याकडं न बघता म्हणली, "पाटी सरळ बसलीय." एवढंच म्हणली, पण पदर डोळ्याला लावून म्हणली.

आता औरंगपुऱ्यात दाजींच्या दुकानात मोठमोठ्या साहेबांचे फोन येतात. टाकी म्हंजी काय घमेलं हाय व्हय, असं माझंच वाक्य ते त्यांना ऐकवतात आणि मग मला फोन करून विचारतात, की मग टाकी म्हंजी काय असतं ते सांगा. मी सांगतो. नाय कशाला म्हणू? आणि जालना रोडवरून जाताना मी गाडी थांबवतो, त्या टाकीकडं बघतो, आणि तुम्हाला सांगतो, एकच विचार येतो. ती टाकी गळली असती ना, तर त्याच दिवशी दाजींनीच पंचक्रोशीला सांगितलं असतं, की ही काकासाहेब पठाड्यानं बनवलीय... पण गळणार कशी? मी बनवलीय ना.