गवताचं शिक्षण

मी परभणीजवळच्या पिंगळीचा. जन्म पिंगळीचा, निम्मं आयुष्य परभणीत अन् पुण्यात गेलं. नाव मन्मथ, पर लहानपणापासून सगळे अप्पाच म्हणतेत. आमी लिंगायत, बाप आठवडी बाजारात मीठ-मिरचीचं दुकान लावायचा, अन् सकाळची पूजा झाल्याबिगर चहाला बी हात लावत नव्हता. मला त्या दुकानात बसायचा लय कंटाळा, म्हणून परभणीला शेतीचा डिप्लोमा केला. बापाला वाटलं पोरगं आता साहेब होतंय. काय सांगू तुमाला, साहेब झालो मी, पर गवताचा.

पुण्याच्या पलीकडं डोंगराच्या पायथ्याला एक गोल्फचं मैदान हाय, तिथं माळी लोकांवर देखरेख करायला डिप्लोमावाला पायजे होता, म्हणून गेलो. गोल्फ जन्मात बघितला नव्हता. काठीनं चेंडू मारायचा अन् लांबच्या भोकात घालायचा, एवढाच खेळ, पर त्या भोकाभवतीचं गवत, त्याला ग्रीन म्हणतेत, ते बगा सतरंजीवानी बारीक, रोज कापायचं, रोज वाकून बघायचं, कोपऱ्याला बुरशी लागली की बघता बघता सगळं पिवळं पडायचं. आपल्याकडं गवत म्हंजे निंदून बांधावर फेकायची चीज, अन् तिथं त्याला माणसापरीस जास्त जपायचे. हे मी उगं बोलायला म्हणून बोलत न्हाई, पुढं कळंल तुमाला.

हळूहळू सुपरिंटेंडंट झालो. म्हंजे सगळ्या मैदानाचा जिम्मा आपला. मला वाटायचं डिप्लोमा झाला, आता शिक्षण संपलं. पर तसं न्हाई त्या कामात. औषधं बदलतेत, मशिनी बदलतेत, पाण्याचे नियम बदलतेत, म्हणून आमाला दर वर्षी कुठं ना कुठं ट्रेनिंगला धाडायचे. पहिल्यांदा गेलो तवा सगळं इंग्रजीत. मागच्या खुर्चीवर जाऊन बसलो. तर शिकवणारे सर म्हैसूरकडचे, त्यांनी बाहेर नेलं, गवताचा एक तुकडा उपटून मला मनले, सूंघो. मी मनलं, सड्या हाय साब. सगळे हसले, सर बी हसले, मनले, बरोबर, मुळाला हवा न्हाई, म्हणून सडलंय. परभणीची हिंदी अशी कामाला आली. त्या दिवसापासून मला शिकायचा नादच लागला बगा. वर्षभर वाट बघायचो.

फवारणीचा धडा तिथंच शिकलो. वाऱ्याकडं पाठ करून फवारायचं, उन्हात फवारायचं न्हाई, डोळ्याला चष्मा, तोंडाला मास्क, हातात मोजे. शिकून आलो अन् मॅनेजरला मनलं, साहेब, पंप तर हे गडी पाठीवर घेतेत, यांला धाडा ना ट्रेनिंगला. ते मनले, अप्पा, ट्रेनिंग सुपरिंटेंडंटचं असतं, गड्यांनी फवारायचं. मग मीच जेवणाच्या सुट्टीत शेडमधी शिकवायला लागलो. थोडे दिवस चाललं. मग हुकूम आला, बंद करा, खेळायला येणाऱ्या लोकांला गडी बसलेले दिसतेत.

त्या गड्यांत आमचे दाजी होते. वैजनाथदाजी, माझ्या धाकट्या बहिणीचे, काशीचे मालक. आमच्याकडं मानवतला कापसाच्या जिनिंगवर कामाला होते, हंगाम सरला की घरी बसायचे. काशीनं मनलं, दादा, तुमी तिथं साहेब हाव, यांला घेऊन जा. मी नेलं. लय गुणाचा माणूस. कुणाला न्हाई म्हणायचं माहीतच न्हाई त्यांला.

त्या साली ट्रेनिंग बेंगळूरला होतं. इकडं मैदानावर मोठी स्पर्धा तोंडावर आलेली, अन् मी गेलो तसं ग्रीनवर बुरशी दिसली. दुपारी दाजींचा फोन आला, अप्पा, मॅनेजर आत्ता फवारा म्हणायलेत. मी मनलं, अजिबात न्हाई, ऊन हाय, वारं हाय, माझं नाव सांगा अन् उद्या तांबडं फुटताना करा. बरं मनले. त्यांनी सांगितलं बी. मॅनेजर मनला, तुझा अप्पा तिकडं शिकायलाय, आज इथला साहेब मी. दाजींनी मागून मला सांगितलं, अप्पा, मी अडून बसलो असतो तर तुमच्या नोकरीवर आलं असतं. म्हणून गेले ते. चष्मा न्हाई, मास्क न्हाई, औषध दुप्पट, अन् वारं फिरलं.

मी वर्गात बसलेलो. पडद्यावर पंपाचंच चित्र होतं, काय सांगू. तेवढ्यात फोन आला, दाजी पडले.

वाचले. पर डोळ्यांत औषध गेलं ते गेलं. आता लांबचं दिसत न्हाई, हात कापतेत, भाकर मोडायची म्हणलं तरी तुकडा खाली पडतो. गडी पुरवणारा ठेकेदार मनला, गड्याचीच चूक. मॅनेजर मनला, फवारणीचा जिम्मा सुपरिंटेंडंटचा, शिकलेला तो. मी भांडलो, लय भांडलो, ज्याच्या त्याच्या दारात गेलो. कुणी ऐकलं न्हाई. मग ती नोकरी सोडली अन् दाजींला घेऊन गावाकडं आलो. एवढी वर्षं शिकलो, अन् पंप ज्याच्या पाठीवर होता त्याच्याजवळ त्यातलं काहीच पोचलं न्हाई, हे मनातून जात न्हाई.

काशी मला काही बोलली न्हाई. जेवाय वाढते, चहा देते, दादा म्हणते. बोलली असती तर बरं झालं असतं.

आता मानवतला रोपांची छोटी नर्सरी हाय, पोट भरतं. अन् कापसाच्या फवारणीचे दिवस आले की गावोगाव जातो, लोकांला सांगतो, वारं बघा, तोंड बांधा. कुणी बोलवत न्हाई, आपलंच जातो. दाजींला संगं घेतो, घरी बसून ते झुरतेत. लोक माना हलवतेत अन् उठून जातेत.

परवा देवगाव फाट्याहून माघारी यायलोतो, फटफटीवर दाजी मागं बसलेले. रस्त्याच्या कडंला एक माणूस कापूस फवारत होता, उघडं तोंड, उघडं आंग, वाऱ्याकडं तोंड करून. आदल्या दिवशीच्या आमच्या बैठकीत तो पुढंच बसलेला होता. मी गाडी थांबवली, तोंडावर हात धरून त्याला खुणावलं. तो हसला, हात वर केला अन् तसाच पुढं गेला.

दाजींला पंपाचा आवाज तेवढा आला. मागूनच इचारलं, अप्पा, कुणी फवारायलंय का? मी मनलं, हाव. तोंड बांधलंय का त्यानं? मी मनलं, बांधलंय. अन् चष्मा? लावलाय. दाजी लय खूश झाले, माझ्या पाठीवर हात ठेवून मनले, बगा, ऐकायलेत लोक तुमचं.

गाडी चालू केली. महादेवा, त्या माणसाला सांभाळ, एवढंच मनात म्हणत मानवतपतोर आलो.