लहान गोळी, कमी मार

"लहान गोळी खरंच कमी लागते का हो?" माझ्या वाढदिवसाला आलेल्या मैत्रिणींनी पैज लावली, म्हणून केंटमधल्या पेंटबॉलच्या, म्हणजे एकमेकांवर बंदुकीने रंगाच्या गोळ्या झाडण्याच्या खेळाच्या, मैदानावर रांगेतूनच मी मालकांना, क्लाइव्हना, विचारलं. पण रांगेत माझ्यापुढे उभी असलेली ग्वेन जुनी खेळाडू. ती मध्येच बोलली आणि त्या दोघांचीच जुंपली.

"कमीच लागते. म्हणून तर नवख्यांना तीच देतो."

"अरे, पण ती फुटत नाही, क्लाइव्ह!"

"कवच जाड आहे. गाडीतून आणताना फुटत नाही."

"अंगावरही फुटत नाही! मोठी कशी पहिल्याच फटक्यात फुटते. जरा बरा माल आण."

"रंग उमटल्याशिवाय बाद नाही, ग्वेन. नियम म्हणजे नियम."

"हो ना! काल लग्नाआधीची गंमत म्हणून मित्रांनी नवरदेवाला सशाचा पोशाख घालून आणलं आणि गोळ्यांनी मनसोक्त झोडपलं, तरी बिचारा बादच होईना!"

"पण प्रत्येक गोळी कमीच लागली ना त्याला?"

मी धावतच पैशांच्या खिडकीशी आईबाबांना गाठलं. ते लहान गोळ्यांचे पैसे भरतच होते.

"थांबा! माझ्या वाढदिवसाला मोठीच गोळी. मला एकदाच लागू दे!"