दाताच्या डॉक्टरचा चेला

अख्ख्या नागपुरात माझ्यासारखी नजर कोणाची नाही, देवाजी — इथून, या ओट्यावर बसल्या बसल्या, त्या पोस्टरावरचं बारीकातलं बारीक अक्षर मी वाचतो — बरं, वाचत नाही, मघाशी गेटवरच्या नत्थूजीले विचारून घेतलं, तो म्हणे कराटेचंच लागलं आहे — अन् मले वाचता तरी कवा येत होतं, चौथीत मास्तरनं पुस्तक उलटं हातात दिलं तं मी उलट्याच पुस्तकातून कविता म्हणून दाखवली, पाठ होती ना. तू मागच्या पट्टीवर होता. लय हसला होता तवा. आता हसू नको, हसायले कोण सांगून राहिलं तुले — मी म्हणून राहिलो, आज एक शब्द बोल. एकच. ‘हो’ म्हण, ‘नाही’ म्हण, ‘मर’ म्हण, मले चालन. अगा, गल्लीतल्या बाया सकाळी नळावर एकमेकीच्या झिंज्या उपटतात अन् संध्याकाळी एकमेकीच्या उवा पाहतात. अन् तू लंगोटीयार माणूस, दर इतवारी टॉकीजच्या मॉर्निंग शोच्या टायमाले इथंच येऊन बसतो, अंदर पण माझ्याच बाजूच्या खुर्चीवर बसतो, अन् तोंडाले कुलूप. काहून बसतो मंग? सायकल स्टँडजवळ दुसरा ओटा नाही का? आहे. त्याच्यावर सावली पण आहे. पण तू तिथं नाही जात. म्हणजे मनात काहीतरी आहे. मी ओळखतो तुले. आज तुले बोलायलेच लावतो, पाह्यजो.

चाल, ते राहू दे. मले एक सांग — नको सांगू, मीच सांगतो — आपण कोष्टी माणसं या चिनी पिक्चरच्या मागं काहून लागलो? गोष्ट काय असते त्याच्यात? काही नसते. बापाले मारलं, पोट्टं जंगलात पळालं, गुरूनं त्याले पाणी भरायले लावलं, मंग पोट्टं वापस आलं अन् त्यानं साऱ्यायले हाणलं. खतम. दर वेळी तोच डोंगर, तीच खाणावळ — त्या खाणावळवाल्याची मले कीव येते, बिचाऱ्याचे टेबल एका पिक्चरात साबूत राहत नाही — अन् तोच पांढऱ्या भुवयांचा बुढा, एक भुवई सुटून गालावर आलेली, गोंद स्वस्तातला. लात लागायच्या पहिलेच माणूस पडते, अन् पडून पाणी मागते तवा कुठं ‘धप्प’ आवाज येते. तलवार वाकते, मंग ती वाकलेलीच घेऊन लढतात, दुसरी आणायले पैसे नाहीत. अन् तरी हाउसफुल. आपल्या गल्लीत घरी नवं लुगडं नाही घेतलं कोणी, पण इतवारचा शो नाही चुकवला. काहून? पाय, देवाजी. आपले पाय. जिंदगी गेली मागाच्या खड्ड्यात कमरेपर्यंत उतरून, पायानं पावड्या दाबत — वर लुगडं वाढत जाते अन् खाली पाय आंबत जातात, पावसाळ्यात खड्ड्याले पाझर फुटते तं बेडकं येऊन बसतात बोटांवर. अन् इथं त्या पोट्ट्याचे पाय हवेत. भिंतीवर, झाडावर, सावकाराच्या छातीवर, जमिनीले टेकतच नाहीत. पहिल्यांदा पाहिलं तवा तू रडला होता. नाही म्हणू नको — म्हणतच नाही तू म्हणा — पण मी पाहिलं होतं. रडण्यासारखं काही चाललं नव्हतं, एक माणूस नुसता उडून राहिला होता.

अन् ते काय बोलतात हे तरी कोणाले कळत होतं? सारं इंग्रजीत. तोंड बंद झालं तरी आवाज चालूच. कळवत कोण होतं? मी. थर्ड क्लासमध्ये उभं राहून मी एकेकाचं बोलणं आपल्या बोलीत सांगत जायचो — तो मिशीवाला म्हणते, माह्या सुताचा हिशोब दे बे — आपल्या सूतवाल्या व्यापाऱ्याचंच नाव ठेवलं होतं ना मी त्या मिशीवाल्याले — अन् बुढा म्हणते, पहिले माही कोंबडी दे. लोक पोट धरून हसायचे. लोक पिक्चरसाठी नाही, माझ्यासाठी यायचे, हे मी नाही म्हणत, लोक म्हणत. सारे म्हणत. एक तू सोडून. तू एक दिवस, भर शोमध्ये, सगळ्यायसमोर म्हणाला, ‘जागेश्वर, जरा गप बस ना गा, पाहू दे.’ अन् सारी टॉकीज हसली. तुह्यावर नाही, माह्यावर. मले काही वाटलं नाही त्याचं. तू खांबाच्या उजव्या हाताले बसला होता ते आठवते, अंगात निळा सदरा होता, काजाजवळ उसवलेला, ते पण आठवते, पण वाटलं मले काहीच नाही.

मंग ती मजा केली ती काही त्याचा राग म्हणून नाही केली. मजा ती मजा. तूच तसा वागून राहिला होता ना — माग सोडून आंगणात लाता झाडायचा, निंबाच्या झाडाले हाणून हाणून घोटा सुजवून घेतला, पोट्टे तुले ‘गुरुजी’ म्हणून चिडवायचे अन् तू त्यायले नमस्कार करायचा. अशा माणसाले देवानं माझ्या शेजारी काहून ठेवलं? मजा घ्यायलेच ना. मी तुले म्हटलं, देवाजी, सदर बाजारात तो दातांचा चिनी डॉक्टर आहे न, तो डॉक्टर नाही. तो गुरू आहे. दुश्मनापासून लपून राहून राहिला, दात काढणं हे नुसतं सोंग. अन् तुह्ये डोळे असे झाले — आता कसे झाले ते सांगता नाही येत मले, पण झाले. तू म्हणाला, मले शिकवन का? मी म्हटलं, असा नाही शिकवत गुरू. पिक्चर पाहतो न तू? दारात बसून राह्य. हाकललं तरी हलू नको. लायक असशीन तं गुरू आत बोलावन.

अन् तू गेला. मागावर अर्धं लुगडं तसंच सोडून गेला. त्या बिचाऱ्या डॉक्टरचे आजे-पणजे कवातरी चीनमधून आले असतीन, तो तं हिंदी आपल्यापेक्षा साफ बोले, कुंगफूच्या पिक्चरचं नाव काढलं तं तोंड वाकडं करे. तुले पाहून म्हणे, ‘अरे भैया, दाँत दुखता है तो अंदर आओ, नहीं तो घर जाओ.’ तू हात जोडून बसला. त्यानं हाकललं — तू खुश झाला. त्यानं वैतागून पाणी फेकलं — तू संध्याकाळी घरी येऊन मले सांगतो, आज परीक्षा घेतली. तू त्याची पायरी झाडून काढायचा, पाण्याचा माठ भरायचा, पेशंटच्या चपला सरळ करून ठेवायचा, अन् तो बिचारा खिडकीतून भ्यायल्यासारखा पाहायचा. मी रोज जाऊन समोरच्या पानठेल्यावरून पाहत होतो. सुपारी-तंबाखूचा खर्रा घोटायले लावायचा, तोंडात टाकायचा अन् पाहायचं. असा पिक्चर टॉकीजमध्ये नाही भेटत, गड्या.

पण पिक्चर म्हटलं का शेवट पाहिजे. मंग मी एक दिवस मागच्या दारानं डॉक्टरकडं गेलो. म्हटलं, साहेब, तो माझा भाऊ आहे. समोरचे वरचे दोन दात लय दुखतात त्याचे, पण भित्रा आहे, आत यायले भिते म्हणून पायरीवर बसते. तुम्ही आत बोलवा अन् काढून टाका. तोंडानं काही भलतं बोलन, विद्या द्या म्हणन, चेला करा म्हणन — ते दुखण्यानं चळलं आहे त्याचं, ऐकू नका. डॉक्टरचा जीव भांड्यात पडला. इतक्या दिवसाचं कोडं सुटलं ना त्याचं. दुसऱ्या दिवशी त्यानं दार उघडून म्हटलं, ‘आ जा भाई, अंदर आ जा.’ अन् देवाजी, तू ज्या तऱ्हेनं उठला पायरीवरून — लग्नातल्या नवरदेवाले असं उठताना नाही पाहिलं मी.

मी काही एकटा नव्हतो. अशी मजा एकट्यानं पाहायची असते का? सारी गल्ली नेली होती, पोट्टेपाट्टे, नत्थूजी, सारे काचेच्या खिडकीले नाक लावून. तू खुर्चीवर बसला. डॉक्टर म्हणे सुई देतो. तू मान हलवली, नको. मले समजलं काहून — त्याच्या आधीच्याच इतवारी पाहिलं होतं आपण, गुरू चेल्याच्या हातावर उकळतं पाणी टाकते अन् चेला डोळ्याची पापणी हलवत नाही. डॉक्टर म्हणे दात तं पक्के दिसतात. मंग खर्ऱ्यानं काळे पडलेले पाहून म्हणे, असन, भाऊ सांगते तं असन. अन् लावला चिमटा. तू हूं नाही केलं. दुसरा. हूं नाही. तोंडातून रगत ओघळून राहिलं होतं अन् तू खुर्चीवरून उतरून त्याच्या पाया पडला, अन् तसाच हात जोडून वाट पाहत उभा, आता विद्या देईन म्हणून — अन् आमच्यानं दम नाही निघाला, सारी खिडकी हसली. तू वळून पाहिलं. काचेतून. पहिले पोट्ट्यायकडं, मंग माझ्याकडं. बस. तिथून तुह्यं कुलूप.

आता तूच सांग, दोन दातांसाठी कोणी इतकं धरून ठेवते का? बाकीचे तीस असतातच ना माणसाले. डॉक्टर तं बिचारा घरी आला होता, रडवेला होऊन, फुकटात नकली दात बसवून देतो म्हणे — तू नाही घेतले. मिरवतो ते भगदाड. अन् मी त्या रात्री घरी जाऊन कौसल्याले सारं करून दाखवलं, तुह्यं चालणं, पाया पडणं, सारं — लगनापासून माझ्या एकेका नकलेवर पदराचा बोळा तोंडात कोंबून हसणारी बाई, अन् त्या दिवशी भाकर थापता थापता थांबली. म्हणे, ‘तो माणूस तुम्हाले गुरू समजत होता, त्या डॉक्टरले नाही.’ अन् मंग मरेपर्यंत नाही हसली माझ्या कोणत्या गोष्टीवर. बायांले मजा समजत नाही.

अन् तू साधा आहे असं नको दाखवू. मागच्या इतवारी काय केलं? अंदर तू हसला तवा मी पण हसलो, जोरात, मांडीवर थाप मारून, म्हटलं काहीतरी मजेचं असन — अन् पुढचे लोक वळून मले शिव्या देऊन राहिले, बुढाऊ, लाज वाटते का, गुरू मरून राहिला पडद्यावर. मरून राहिला? मंग तू काहून हसला? तू पिक्चरवर नाही ना हसला. म्हणजे तुले माहीत आहे. कवापासून माहीत आहे तुले?

बरं, आहे. आहे तं आहे. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरनं बॅटरी मारून पाहिलं अन् म्हणे काचबिंदू, गेलेली नजर वापस नाही येत, उरलेली पण जाईन. धुकं आहे नुसतं, देवाजी. पडदा मले एखाद्या ओल्या धोतरासारखा दिसते, कोणीतरी वाळत टाकलेलं, अन् त्याच्यावर काहीतरी हलते. आवाज येतात — धप्प, धप्प — कोण कोणाले मारते काही समजत नाही. मी तिकीट काढतो, बसतो, अन् तुह्या श्वासावरून अंदाज घेतो, आता लढाई आली, आता गेली. घरी कोण आहे बोलायले? पोट्टे कोणी माझ्या ओट्यावर फिरकत नाहीत, म्हणतात बुढा चिमटा लावन. म्हणून म्हणून राहिलो, बोल. अंदर माझ्या कानाजवळ हळूच सांगत जा, पाय कुठं गेला, कोणाच्या छातीवर बसला. लोकायले त्रास नाही होणार. मी मधात एक अक्षर बोलणार नाही, तुह्या मायची शपथ — माझ्या मायची. तू म्हणशीन तसं.

घंटी वाजली. नत्थूजी गेट उघडून राहिला, आवाज आला मले. हात दे, पायरीजवळ खड्डा आहे तिथं. उठला का तू? देवाजी? अगा, कुठं चालला — बोल काहीतरी, शिवी दे, पण बोलून जा —

“इथंच दारात बसून राह्य, जागेश्वर. हाकललं तरी हलू नको. लायक असशीन तं गुरू आत बोलावन.”