कोरडा सांधा

माझं गाव निर्णा, हुमनाबादकडचं. आता मी औरादला ऱ्हातो, बाजाराच्या रस्त्याला पंप-इंजिनचं दुकान हाय, पण जल्म निर्ण्याचा आन् हुन्नर बी तिथलाच. आमचे वडील, आमी अप्पा म्हणायचो, त्यांनी हिरीवर एक विलायती इंजिन बशिवलेलं, रॉकेलवरचं, त्येच्यावर मी शिकलो. अप्पा कन्नडात शिव्या द्यायचे, मराठीत शिकवायचे आन् इंजिन उठलं की उर्दूत शाबास म्हणायचे. अप्पा गेले, हिरीवर मोटर आली, पण ते इंजिन मी विकलो न्हाई. दुकानात कोपऱ्यात ठिवलोय, दर दसऱ्याला पुसतो. बायको म्हणती, सासऱ्याला दुकानात जागा दिलाव ते ठीक हाय, पण येवढी कामून.

तर तुमी इचारलाव त्या बोटीचं सांगतो. गाणगापूरला संगमाजवळ शांताक्का म्हणून हायेत, त्यांच्या मालकाची लाकडी मोटारबोट, जुनी, यात्रेकरूंना नदीत फिरवायचे ते. मालक वारले तवापासून बोट शेडात पडून. आता अक्काचे गुडघे गेले, लेक त्यांना सोलापूरला न्यायलीय, आन् अक्काचं म्हणणं येवढंच, जायच्या आधी एकदा मालकाच्या बोटीतून फिरून यायचं. कुणीतरी सांगितलं औरादचा दिगंबर जुनी इंजिनं उठवतो, म्हणून मी गेलो. लाकूड सुतारानं बघितलं, इंजिन मी, तेबी जुनं विलायतीच.

इंजिन उठलं, काय सांगू तुम्हाला, तिसऱ्या झटक्याला उठलं. अडचण एकच. टाकीतून इंजिनाला पेट्रोलची तांब्याची नळी जाती, तिच्या तोंडाशी एक पोकळ पितळी नट, बाहेरून आटे असलेला, तो चिरलेला. मी आपला पंपाचा तीन सुती मापाचा नट काढलो, दिसायला जुळा भाऊ. दोन आटे बोटानं गेला, मग अडला, मग मी पान्यानं दाबलो. वरून सुताचा दोरा गुंडाळलो, सफेद्याचा लेप लावलो, पंपाला करतो तसंच. तरी थेंब थेंब झरायलं. आता शेतात झरलं तर कोण इचारतंय, मातीत जातंय, आन् कुण्या गिऱ्हाइकानं इचारलंच तर मी म्हणायचो, झरायलंय म्हंजे टाकीत तेल हाय. जल्मभर हेच म्हणून लोकाला हसवलो. अक्कालाबी म्हणलो, तयार हाय, उद्या बसा.

दुसऱ्या दिशी बोट पाण्यावर, इंजिन थोडं चालवून बंद केलेलं. अक्का ताट घेऊन आल्या, निरंजन, कापूर पेटलेला. म्हणल्या, मालक पहिल्या फेरीच्या आधी इंजिनाला ओवाळायचे, मी बी ओवाळणार, आन् एक पाय बोटीत ठिवून वाकल्या. तवा मला पेट्रोलचा वास आला. खाली बघतो तर फळ्यांच्या फटीत चमकायलंय. बोटीच्या खाली माती नसती हो, झरलेलं जाईल कुठं, तिथंच साचलेलं. मी अक्काचं मनगट धरलो, ताट हिसकावलो आन् काठावर लांब पळालो. अक्का म्हणल्या, काय करायलास रे. मी म्हणलो, अक्का, झरायलंय. अक्का म्हणल्या, मग काल तयार हाय म्हणलास कामून. मी ताटातला कापूर वाळूत इझवलो. त्याच मग हसल्या, म्हणल्या, मला फिरवायला आलास का मालकाकडं धाडायला.

आटे जुळवायची रीत सोपी हाय, जुन्या आन् नव्या नटाचे आटे एकमेकात बशिवायचे आन् उजेडाला धरायचं, मधून उजेड दिसला की जुळत न्हाई. मी हे अप्पांकडून शिकलेलो, आन् करायलाच इसरलो. कलबुर्गीच्या भंगारात दोन दिस डबे पालथे घातलो, दुकानदार म्हणला, अण्णा, नट बघायलास का नवरी. एकबी जुळला न्हाई. दुकानात आलो, कोपऱ्यात अप्पांचं इंजिन. खरं सांगू का, मला पहिल्या दिसापासून म्हाईत होतं त्येला तसाच नट हाय, तिकडं बघायचं न्हाई म्हणूनच कलबुर्गी हिंडलो. काढलो, चिरलेल्या नटाला लावलो, उजेडाला धरलो. मधी एक रेघबी उजेड न्हाई. लई जड झालं बघा मला. बायको म्हणली, मामंजी कन्नडात सुरू झाले असते, पण शेवट उर्दूतच केला असता.

बोटीत नट बोटानं आतपर्यंत गेला. कुठल्या इंजिनाचा ते अक्काला सांगितलो. सूत न्हाई, सफेदा न्हाई, नळीचं फाकवलेलं तोंड नटानं साफ दाबलं की तेच पेट्रोल अडवतं. सांध्याखाली कागद ठिवून इंजिन चालवलो, कागद कोरडा. तरी ओवाळणं काठावरनंच करायला लावलो. अक्कानं नटाखाली बोट फिरवलं, हुंगलं, आन् त्याच बोटानं नटाला कुंकू लावलं. मग बसल्या, मालकाच्या फळीवर. संगमापर्यंत गेलो. परत फिरताना म्हणल्या, दिगंबर, तुझे अप्पा आन् आमचे मालक कधी भेटले नव्हते, आज भेटले बघ.

आता अक्का सोलापूरला हायेत, बोट सुतार चालवतो. माझ्या दुकानातून झरणारा पंप बाहेर जात न्हाई, गिऱ्हाईक म्हणतंय मास्तर म्हातारा झाला, वेळ लावायलाय. लावू द्या. अप्पांच्या इंजिनाच्या त्या भोकात लाकडाची खुंटी मारलोय, दसऱ्याला तिलाबी कुंकू लावतो. तुमी चहा घ्या. देव तुमच्या घरातले समदे सांधे कोरडे ठिवो.